झाकणकाकांची जाकिटे

माझी आणि झाकणकाकांची ओळख एका उघड्या दारामुळे झाली. मी प्रौढवर्गात अक्षरे गिरवायला जाऊ लागले, ते थंडीचे दिवस होते. आमचा वर्ग आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, सभेच्या खोलीत भरत असे. खोलीत एक हीटर होता. आम्हा म्हाताऱ्या विद्यार्थ्यांना मात्र दार लावून घेण्याची सवय नव्हती. मी मुद्दाम दारापाशी बसत असे. बाईंनी प्रश्न विचारला आणि उत्तर येईना, तर खोकल्याचे निमित्त करून बाहेर पडणे सोपे जावे, असा माझा विचार होता. एके दिवशी मी फळ्यावरचे जोडाक्षर उतरवून घेत असताना एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ दारात उभे राहिले. त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती. त्यांनी हीटरकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि नळ उघडा टाकून झोपलेल्या माणसाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

"ताई, तुम्ही रस्ता तापवताय का?" त्यांनी विचारले.

त्यांनी दार बाहेरून ओढून घेतले आणि ते जिना चढून गेले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही आले. शेवटी आमच्या बाईंनी त्यांना आदराने विचारले की, आजोबा, आत येऊन बसायचे आहे का. त्यावर ते म्हणाले की त्यांना वाचता येते, ते केवळ दारासाठी येतात.

ते माझ्या घराच्या वरच्याच मजल्यावर राहत होते, तरी तोपर्यंत आमचे बोलणे कधी झाले नव्हते. मी आयुष्यभर एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासली. पहाटे जाणे आणि संध्याकाळी येणे, यात शेजार राहूनच गेला होता. ते मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात बॉयलर चालवत असत. रुग्णालयातल्या चादरी, डॉक्टरांचे अंगरखे, शस्त्रक्रियेचे कापड, हे सारे ज्या वाफेवर धुतले आणि वाळवले जाई, ती वाफ तयार करणे हे त्यांचे काम होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणते, त्याच रुग्णालयात वॉर्डात आया होत्या. तेथील पुष्कळ कामगार जेवणाचा डबा गरम राहावा म्हणून बॉयलरच्या नळ्यांवर आणून ठेवत. वहिनी म्हणतात, "बाकीच्यांचे डबे मिळेल तिथे. माझ्या डब्याला मात्र आगीला चिकटून जागा. तोंड भाजायचं रोज, पण सांगणार कोणाला?" त्यांचे लग्न त्या डब्यावरूनच ठरले. जे मोलाचे ते आगीच्या सर्वांत जवळ, हा काकांच्या कामाचा नियम होता आणि पुढे तो त्यांच्या स्वभावाचाही नियम झाला.

झाकणकाका हे नाव त्यांना इमारतीतल्या मुलांनी ठेवले. ते का ठेवले, ते आता सांगते.

वर्गात एकदा मला एक धडा मोठ्याने वाचायला सांगितला. प्रत्येक माणसाच्या रोजच्या वागण्यातून हवेत किती धूर जातो आणि त्यामुळे सारी पृथ्वी कशी तापते आहे, असा त्याचा विषय होता. गॅस, वीज, गाडी, वाया गेलेले अन्न, न लागणारी खरेदी, हे सर्व त्यात होते. मी एकेक अक्षर जोडून वाचत असल्यामुळे तो धडा संपायला फार वेळ लागला. काका दार लावायला आले होते, ते तसेच कडीवर हात ठेवून ऐकत राहिले. माझ्या अडखळण्यामुळे प्रत्येक शब्द त्यांच्या कानात सावकाश आणि पक्का गेला असावा. धडा संपल्यावर ते आत आले, मागच्या बाकावर बसले, आणि त्यांनी बाईंना विचारले की हा हिशेब घरी बसलेल्या माणसालाही लागू आहे का. बाई म्हणाल्या, सर्वांनाच लागू आहे. काकांनी मान हलवली.

मला वाटले, यांना आपल्या बॉयलरच्या धुराची टोचणी लागली असेल. मी जिन्यात तसे म्हणूनही पाहिले. त्यांनी ते मानले नाही.

"त्या धुरातून चादरी निघाल्या, ताई. आजारी माणूस स्वच्छ चादरीवर झोपला. त्या धुराची मला लाज नाही," ते म्हणाले. "घरातला धूर मात्र नुसता आळसाचा. उकळी आली तरी गॅस मोठा, माणूस नाही तरी दिवा चालू. तो माझा मला दिसायला हवा होता."

त्या दिवसापासून त्यांच्या घरात झाकणांचे राज्य सुरू झाले. त्यांच्याकडे कोणतेही भांडे उघडे चुलीवर चढत नसे. ज्याला झाकण नव्हते, त्याला त्यांनी ताटली शोधली. ज्याला ताटली बसेना, त्याला पत्र्याचा गोल कापून आणला. दुसऱ्याच्या घरी गेले तरी त्यांचे लक्ष आधी ओट्याकडे जाई. माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी एकदा माझ्या बटाट्यांवर स्वतःच्या हाताने ताट झाकले आणि मग नमस्कार केला. मुलांनी ते पाहिले आणि नाव पडले.

झाकणानंतर जाकिटे आली. बॉयलरच्या वाफेच्या नळ्यांना जाड आवरण गुंडाळतात, त्याला कामगार जाकीट म्हणत असत. नळी उघडी राहिली तर वाफ वाटेतच थंड होते आणि आग विनाकारण वाढवावी लागते, हे काकांच्या हाडामांसात मुरलेले होते. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून ते जाड कापडाचे तुकडे आणि फाटक्या ब्लँकेटच्या पट्ट्या आणू लागले. चहाच्या किटलीला जाकीट, गरम पाण्याच्या टाकीला जाकीट, गच्चीवरून खाली येणाऱ्या नळीला जाकीट. टाके मोठे, दोरा मिळेल त्या रंगाचा, आणि बटणे वहिनींच्या जुन्या झग्यांची. गच्चीवर ते नळीला गुंडाळत बसले असताना तिसऱ्या मजल्यावरचे गाडीवाले शेजारी वर आले आणि म्हणाले, "काका, हिला टोपरंही शिवा, कान उघडे पडलेत." काकांनी खरोखर वाकून नळीच्या टोकाकडे पाहिले आणि म्हणाले, "हो, राहिलंच की तेवढं."

सर्वांत मोठे जाकीट म्हणजे त्यांची पेटी. एका लाकडी खोक्यात त्यांनी जुन्या उशांचा कापूस ठासून भरला आणि मध्ये पातेल्याएवढी जागा ठेवली. डाळीला किंवा तांदळाला चुलीवर चांगली उकळी आली की गॅस बंद करायचा, पातेले पेटीत ठेवायचे, वरून उशी दाबायची आणि आपल्या कामाला लागायचे. पातेल्यातली ऊब पातेल्यातच राहते आणि अन्न आपोआप शिजते. हे खरे आहे. मी स्वतः करून पाहिले आहे आणि आजही करते. परंतु राजमा काही त्यात शिजला नाही. वहिनींनी तो टणक राजमा काकांच्या ताटात वाढला आणि समोर बसून राहिल्या. काकांनी तो सगळा खाल्ला. मी विचारले, कसा झाला होता. ते म्हणाले, "दातांना व्यायाम झाला."

वहिनींनी त्यांना टोमणा मारला नाही असा दिवस जात नसे. किटलीत पाणी कपाने मोजून घालायचे, थेंब जास्त उकळायचा नाही, असा काकांचा दंडक होता. त्यामुळे मी गेले की वहिनी म्हणत, "दुसरा कप हवा असेल तर आत्ताच सांगून टाका. आमच्याकडे तहानसुद्धा आगाऊ कळवावी लागते." कपडे वाळवण्याचे यंत्र लेकीने हौसेने घेऊन दिले होते, ते काकांनी बंद करून त्यावर कुंडी ठेवली आणि गच्चीत दोरी बांधली. वहिनी म्हणत, "यंत्राला पेन्शन दिली, मला मात्र पुन्हा कामावर घेतलं." पण बादलीचा अर्धा भार काकाच उचलत. दोघे मिळून चादरीची टोके धरून पिळत, आणि त्या वेळी दोघांचे जे हसणे चाले ते मला खाली ऐकू येत असे. दुकानापर्यंत ते चालत जात. फाटलेले मोजे शिवत. फ्रिजमध्ये उरलेले आधी संपवल्याशिवाय नवे शिजत नसे. वहिनींचे तोंड चालू असे आणि हातही चालू असे.

त्यांची एकुलती लेक दुसऱ्या शहरात राहते. ती एका कार्यालयात मोठ्या पदावर आहे आणि सुट्टीच्या दिवशी गाडीने येत असे. काका तिच्या स्वागताला हवा भरण्याचा हातपंप घेऊन खाली जात, कारण चाकांत हवा कमी असली की गाडी जास्त इंधन खाते. लेक एकदा चिडून म्हणाली, "बाबा, आधी माझं तोंड बघा, मग चाकांची तोंडं बघा." तिला वडिलांची काळजी वाटत असे. तिने मला एकीकडे घेऊन विचारले होते, "मावशी, बाबांचं ठीक आहे ना? म्हणजे डोक्याने?" मी तिला सांगितले की त्यांचे डोके आमच्यापेक्षा जास्त वेळ जागे असते. तिचे समाधान झालेले दिसले नाही.

आता मला ती गोष्ट सांगायची आहे, जिच्यामुळे हे सर्व मोडण्याच्या बेतात आले.

वहिनींना साखरेचा आजार आहे. त्या रोज इन्सुलिन टोचून घेतात. त्याची लहान बाटली फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात, अंड्यांच्या शेजारी असे. काकांचा फ्रिज जुना, एका दाराचा. त्यात वरच्या बाजूला बर्फाचा कप्पा आहे. काकांनी कुठेतरी ऐकले की फ्रिज भरलेला असला तर गारवा टिकतो आणि यंत्राला कमी राबावे लागते. मग त्यांनी रिकाम्या जागांत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. ते करताना त्यांच्या मनात आले की दार सतत उघडते, त्यामुळे दारातल्या वस्तूंनाच सगळ्यात जास्त गरम हवा लागते, आणि नेमके वहिनींचे औषध तिथे बिचारे ताटकळत आहे. ज्या माणसाने आयुष्यभर मोलाची वस्तू आगीच्या सर्वांत जवळ ठेवली, त्याने तीच रीत उलटी करून वापरली. त्यांनी औषधाचे खोके उचलले आणि घरातल्या सर्वांत गार जागी ठेवले. ती जागा म्हणजे वरची फळी, अगदी मागे, बर्फाच्या कप्प्याला चिकटून. पुढे पाण्याच्या बाटल्यांची भिंत उभी केली, म्हणजे त्याला वारासुद्धा लागू नये.

त्यानंतर रोज सकाळी ते स्वतः ती बाटली काढत. गार औषध टोचले की वहिनींना दुखते, म्हणून खुर्चीत बसून दोन्ही तळव्यांत ती धरून ठेवत आणि पुरेशी ऊब आली की वहिनींच्या हाती देत. मी एकदा सकाळी दूध द्यायला गेले होते तेव्हा त्यांनी मला ते खोके दाखवले. त्याच्या कडांवर पांढरा बर्फ धरला होता. ते मोठ्या समाधानाने म्हणाले, "बघा ताई, रुग्णालयातसुद्धा इतकं गार ठेवत नसतील." मला औषधातले काही कळत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र मला स्पष्ट वाचता आला.

पुढे वहिनींना तहान फार लागू लागली. फ्रिजमधल्या बाटल्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या आणि काका त्या हौसेने भरू लागले. वहिनी गप्पा मारता मारता खुर्चीत डुलकी घेत. टोमणे कमी झाले. काकांना वाटले, वय झाले, त्यात गच्चीच्या चकरा. त्यांनी कपड्यांची बादली पूर्ण स्वतःकडे घेतली. वहिनी तरीही गच्चीत जायच्याच, कारण काकांना कपड्याच्या सुरकुत्या झटकता येत नाहीत असे त्यांचे मत होते.

एका दुपारी मी वर्गाहून परत येत असताना वहिनी मला जिन्यात बसलेल्या दिसल्या. शेजारी ओल्या टॉवेलांचा ढीग होता. त्यांनी मला ओळखले, पण बोलताना जीभ जड होत होती आणि त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या की जरा पाणी द्या. मी हाक मारली. काका वरून धावत आले. गाडीवाल्या शेजाऱ्यांनी एक शब्द न बोलता गाडी काढली आणि आम्ही तिघांनी मिळून वहिनींना खाली नेले. जिथे दोघांनी उमेदीची वर्षे घालवली, त्याच रुग्णालयात त्यांना आणले. यावेळी त्या चादरीवर वहिनी होत्या.

साखर फार वाढली होती. डॉक्टरांनी उपचार सुरू केले. परिचारिकेने औषध कुठले, किती, चुकवले होते का, असे विचारायला सुरुवात केली. काकांनी सगळे नीट सांगितले. एकही दिवस चुकलेला नव्हता. मग तिने विचारले, ठेवता कुठे? तेही त्यांनी सांगितले, आणि त्या क्षणापर्यंत त्यांच्या आवाजात अभिमान होता. परिचारिका वयाने लहान होती, पण तिने फार सांभाळून सांगितले की इन्सुलिन गार ठेवायचे असते, मात्र गोठू द्यायचे नसते. एकदा गोठले की त्याची शक्ती जाते. नंतर ते वितळले तरी पाण्याइतकेच काम करते.

काकांनी एवढेच विचारले, "हातात धरून ऊब दिली तरी?"

"तरी नाही, आजोबा."

काका आपल्या तळव्यांकडे पाहत राहिले. मी त्यांच्या शेजारी बसले होते.

संध्याकाळी लेक आली. आईला पाहून आल्यावर ती बाहेरच्या बाकावर बसली आणि आधी रडली, मग रागावली. तिचे म्हणणे असे की हे कधी ना कधी होणारच होते. पेटी, जाकिटे, बाटल्या, सगळे खेळ आईच्या जिवावर आले. आई बरी झाली की ती आईला आपल्या घरी घेऊन जाणार. बाबांनी हवे तर यावे, पण तिथे त्यांचे काही चालणार नाही, आणि यायचे नसेल तर इथेच आपल्या झाकणांबरोबर राहावे. काकांनी प्रतिवाद केला नाही. ते म्हणाले, तू म्हणतेस ते बरोबर आहे. मला ते ऐकून जास्त भीती वाटली, कारण वहिनी गेल्या तर ते मागे एकटे उरतील आणि त्यांच्याबरोबर गेले तर पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसतील. दोन्हींत तो माणूस टिकणार नव्हता.

वहिनी शुद्धीवर होत्या आणि हळूहळू सुधारत होत्या. त्यांची शाल आणायला मी काकांच्या घरी गेले. भर दुपार होती. दाराबाहेरूनच मला विचित्र वाटले, कारण फटीतून उजेड येत होता. आत प्रत्येक खोलीत दिवा चालू होता. कोणी नसलेल्या खोलीतही. ओट्यावर पातेले उघडे होते, त्यातले पाणी धो धो उकळत होते आणि खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. किटली उघडी, टाकी उघडी. पेटीतला कापूस जमिनीवर ओतला होता. दारापाशी मोठ्या पिशव्यांत सारी जाकिटे कचऱ्यात टाकायला भरून ठेवली होती. काका त्या वाफेत खुर्चीवर बसले होते.

मी आधी गॅस बंद केला. मग विचारले की हे काय चालवले आहे. ते म्हणाले, "आता काही वाचवायचं नाही, ताई. मी वाचवायला गेलो, आणि कुठे पोचलो ते बघितलंत ना."

मला शाळेतली माणसे बोलतात तसे बोलता येत नाही. तरी मला जेवढे सुचले तेवढे मी बोलले. मी त्यांना सांगितले की चूक एका बाटलीच्या जागेची झाली. पातेल्यावरच्या झाकणाने कोणाला आजारी पाडलेले नाही. स्वयंपाकघरात मी एकदा सबंध शाळेच्या डाळीत दोनदा मीठ घातले होते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून अळणी वाढले नाही. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "लेकीला तसं वाटत नाही. आणि हिला काय वाटतं, ते विचारायची माझी हिंमत नाही." मी शाल घेतली, आणि जाताना त्या पिशव्याही उचलून माझ्या घरी नेल्या. कचऱ्यासाठी नंतरही वेळ असतो, असे मी मनात म्हटले.

वहिनींना घरी सोडले त्या दिवशी लेक मोठी बॅग घेऊनच आली होती. आईचे कपडे भरायचे आणि दुपारीच निघायचे, असे तिने ठरवले होते. मी मदतीला म्हणून गेले. वहिनी काठी टेकत आत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. दिवे अजूनही सगळे चालू होते. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. त्या हळूहळू एकेका खोलीत गेल्या आणि एकेक दिवा बंद करत परत आल्या. ओट्यावर दूध उघडे तापत होते, त्यावर त्यांनी ताटली ठेवली. मग किटलीकडे पाहून त्यांनी काकांना विचारले, "अहो, हिचं जाकीट कुठे आहे? का तीही माहेरी निघाली?"

मी म्हणाले, माझ्याकडे आहे. वहिनी म्हणाल्या, "मग आणा की."

मी खाली जाऊन पिशव्या घेऊन आले, तोवर वर बोलणे सुरू झाले होते. लेक आईला समजावत होती की हा हट्ट करण्याचा विषय नाही, हा जिवाचा प्रश्न आहे, आणि बाबांवर आता विश्वास ठेवता येणार नाही. ती वाईट बोलत नव्हती. आई जाता जाता वाचली, हे तिने पाहिले होते, आणि मी तिच्या जागी असते तर कदाचित हेच म्हणाले असते. वहिनींनी तिचे सर्व शेवटपर्यंत ऐकले. मग त्यांनी तिला जवळ बसवले.

"खोक्यावर बर्फ मलाही दिसत होता," त्या म्हणाल्या. "औषधात बारीक कण तरंगायचे, तेही दिसायचे. इतकी वर्षं वॉर्डात काढली मी. मला शंका आली होती."

"मग बोलली का नाहीस?" लेकीने विचारले.

"सकाळी उठून हे ती बाटली दोन्ही हातांत धरून बसायचे. अंड्यावर कोंबडी बसते तसे. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही गं. म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगू."

खोलीत कोणी हसले नाही, पण काहीतरी सैल झाले. लेक आईकडे पाहत राहिली, मग वडिलांकडे. चूक एकट्याची नव्हती, हे तिला ऐकावे लागले, आणि ते ऐकणे तिला सोपे गेले नाही. ती म्हणाली, ठीक आहे, पण उद्या पुन्हा काही नवीन डोक्यात आले तर? तेव्हाही तुम्ही दोघे एकमेकांची मने जपत बसणार का? हा प्रश्न खरा होता. वहिनींनी खाली पाहिले.

पुढचे सांगण्याआधी आज काय स्थिती आहे ते सांगते. वहिनी त्याच घरात आहेत. औषधाची बाटली मधल्या फळीवर एका डब्यात असते. ती जागा लेकीने स्वतः ठरवली आहे, आणि सोबत एक लहानसा तापमापकही ठेवला आहे. किटलीला जाकीट आहे, टाकीला आहे, नळीलाही आहे, टोपऱ्यासकट. पेटीत डाळ शिजते, राजमा चुलीवरच. नवीन काही सुचले की काका आधी वहिनींना विचारतात, आणि वहिनी त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता उत्तर देतात. हा नियम दोघांनी मिळून केला आहे. पुष्कळदा उत्तर नाही असे असते. लेक आता बहुतेक वेळा बसने येते. गाडी लागलीच तर मात्र चाकांत स्वतःच हवा भरून आणते, आणि काकांना त्याचे थोडे वाईट वाटते.

हे सर्व शक्य झाले ते त्या दुपारी लेकीच्या प्रश्नानंतर काका जे बोलले त्यामुळे. ते खुर्चीतून उठले आणि लेकीने भरायला घेतलेल्या बॅगेपाशी खाली बसले. मी त्यांना कोणाकडे काही मागताना त्याआधी पाहिले नव्हते. त्यांनी बॅगेला हात लावला नाही. ते लेकीला म्हणाले, "औषधाची जागा तू ठरव. तू सांगशील तिथे ते राहील, मी हात लावणार नाही. तेवढं हिला इथे राहू दे."